व्यवसायाचा रकाना

परवा आमच्या सोसायटीच्या सभेत एका तरुण सभासदाने विचारले, "सुका कचरा त्या बायका विकून पैसे करतात, मग आपण वर दरमहा पैसे का द्यायचे?" प्रश्न वावगा नव्हता. पण उत्तर द्यायला तीस-पस्तीस वर्षे मागे जावे लागते, आणि सभेत तेवढा धीर कुणाला असतो! म्हणून इथे लिहिते आहे.

ओला एका बादलीत, सुका दुसऱ्या. हा नियम आज पुण्यात शाळकरी पोरांनाही पाठ आहे, आणि तो महानगरपालिकेने शिकवला असे आपण धरून चालतो. खरे म्हणजे ही निवडण्याची विद्या पुण्यात आधीपासून होतीच. फक्त ती आपल्या घरात नव्हती, कोपऱ्यावरच्या कचराकुंडीपाशी होती. आपण सगळे एकत्र ओतायचो आणि खांद्याला पोते लावलेल्या बायका त्यात हात घालून पुठ्ठा, काच, पत्रा निवडायच्या. चोरीचा संशय पहिला त्यांच्यावरच यायचा.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या पुण्यातल्या कार्यकर्त्यांनी कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी शिकवण्याचे काम काढले. मुलांमागे आया भेटल्या. मग तीसेक बायकांना विद्यापीठाची ओळखपत्रे देऊन, कोरेगाव पार्क भागातल्या घरांतून वेगळा काढलेला सुका कचरा त्यांना मिळवून देण्यात आला. हात उकिरड्यात घालायचे टळले. पण थोड्याच दिवसांत एका व्यावसायिकाची गाडी त्याच भागात दारोदार कचरा गोळा करू लागली. बायकांनी विरोध केला. खरे सांगते, तेव्हा मला कुणी विचारले असते तर मी गाडीच्या बाजूने बोलले असते. गाडी स्वच्छ, वेळेवर येणारी... त्यात कुणाची भाकरी चालली आहे हे मनातही आले नसते.

या अनुभवातून १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. हमालांची संघटना बांधणारे डॉ. बाबा आढाव पाठीशी होते. मागणी साधी होती, आम्हाला कामगार म्हणा. १९९५-९६ च्या सुमारास महानगरपालिकेने पंचायतीच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे २००० साली केंद्राचे घनकचऱ्याचे नियम आले आणि घरोघरी वर्गीकरण करा असे पालिकांना सांगितले गेले. कुंडीतला माल दारातच उचलला जाणार, म्हणजे या बायकांचे काय, हा प्रश्न तेव्हा आला. पुण्याने २००८ मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' सहकारी संस्थेशी करार केला. दारावर येऊन कचरा त्या नेणार, शुल्क घरमालक देणार, सुका माल त्यांचा.

तर त्या सभासदाला माझे उत्तर असे, की शुल्क दारावर येण्याचे आहे. आणि आपला नियम दोन बादल्यांत आटोपतो, कारण त्यातला अवघड भाग आपण करत नाही. सुक्याच्या त्या एका बादलीतून दूधपिशवी, कडक प्लास्टिक, रद्दी, पुठ्ठा, काच वेगळे करायला त्या बसतात. करार संपत आला की ठेकेदाराची चर्चा पुन्हा निघते. २०२०-२१ मध्ये निघालीच होती. ठेकेदाराला सुका माल हवासा वाटतो, यात नवल ते काय!

असो. एक आठवण सांगायची राहिली. १९९० च्या आसपास माझ्या वर्गात एका मुलीचे नाव घालायला तिची आई आली. पालकाचा व्यवसाय या रकान्यापाशी मी थांबले. ती खाली बघत म्हणाली, "बाई, धुणीभांडी लिहा." पोते दाराबाहेर ठेवलेले मला दिसत होते. मी धुणीभांडी लिहिले.

सहा-सात वर्षांनी ती धाकटीला घेऊन आली. मी रकान्यापाशी पोचायच्या आत तिने कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, फोटोचे ओळखपत्र काढून टेबलावर ठेवले. "यात हाये ते लिहा."

मी 'कचरावेचक' लिहिले. थोरलीच्या नोंदीपुढे मात्र अजून धुणीभांडीच आहे. शाळेच्या नोंदवहीत मागाहून खाडाखोड करता येत नाही.