बटाव्हिया जहाजाचे बंड

बटाव्हिया जहाजाचे बंड (जून ते नोव्हेंबर 1629) : डच ईस्ट इंडिया कंपनीचे ‘बटाव्हिया’ हे जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यासमोरील हाउटमन अब्रोलोस या बेटांवर फुटले. त्यानंतर वाचलेल्या लोकांत बंड, कत्तल आणि खटला असा जो प्रकार घडला, त्याला हे नाव मिळाले. आजच्या जेराल्डटन शहरापासून ही बेटे पश्चिमेला सुमारे 60 किमी. अंतरावर आहेत. जहाजाला कंपनीच्या आशियातील राजधानीचे, म्हणजे आजच्या जकार्ताचे, नाव दिलेले होते. पुढील मजकुरात ‘बटाव्हिया शहर’ म्हटले आहे तेथे जकार्ता समजावे. बुडत्या जहाजात जितकी माणसे मेली, त्याच्या दुपटीहून अधिक माणसे बेटावर सहप्रवाशांच्या हातून मारली गेली. निवाडा करणारा अधिकारी स्वतः त्याच जहाजाचा प्रमुख होता.

हा प्रमुख फ्रान्सिस्को पेल्सार्ट. हिंदुस्थानच्या इतिहासाच्या अभ्यासकांना त्याचे नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. तो अनेक वर्षे वलंदेजांच्या (डचांच्या) आग्र्याच्या वखारीत होता आणि जहांगीरच्या काळातील निळीचा व्यापार, बाजार, उमरावांचा थाट व रयतेचे दारिद्र्य यांविषयी त्याने 1626 च्या सुमारास लिहिलेला अहवाल आजही वाचला जातो. सुरतेत असताना आरियन याकोब्स या कप्तानाशी त्याचे जोरदार भांडण झाले होते. ‘बटाव्हिया’च्या पहिल्याच सफरीवर कंपनीने पेल्सार्ट हा प्रमुख आणि याकोब्स हा कप्तान अशी जोडी दिली. वलंदेजांच्या रिवाजात जहाजावर अंतिम शब्द खलाशाचा नसे, व्यापाऱ्याचा असे. आयुष्य समुद्रावर काढलेल्या कप्तानाला हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्याचा हुकूम मानावा लागे. त्यात जुने वैर असले की काय होते ते पुढे दिसलेच.

तिसरा महत्त्वाचा माणूस येरोनिमस कॉर्नेलिस हा कनिष्ठ व्यापारी. हार्लेम येथे त्याचे औषधांचे दुकान होते. ते बुडाले, तान्हे मूल दगावले आणि टोरेंटियस या चित्रकाराच्या पाखंडी मानल्या जाणाऱ्या गोतावळ्याशी त्याचे नाव जोडले गेले. सैतान आणि नरक मुळात नाहीतच, आणि देवच सर्व काही मनात घालतो म्हणून माणसाच्या हातून पाप घडूच शकत नाही, अशी त्याची शिकवण असल्याचे खटल्यात नोंदले आहे. सफरीवर त्याने आणि याकोब्सने जहाज बळकावून चाचेगिरी करण्याचा बेत रचल्याचा आरोप झाला. लुक्रेशिया यान्स या प्रतिष्ठित प्रवासी स्त्रीवर रात्री तोंडे झाकलेल्या माणसांकरवी हल्ला करवायचा, पेल्सार्ट कडक शिक्षा देईल, त्यावरून खलाशी चिडतील आणि बंड पेटेल, असा तो डाव होता. हल्ला झाला, पण आजारी पेल्सार्टने शिक्षा लांबणीवर टाकली आणि डाव तसाच राहिला.

ऑक्टोबर 1628 च्या अखेरीस टेक्सेलहून निघालेल्या या जहाजावर सुमारे 340 माणसे होती. चांदीच्या नाण्यांच्या 12 पेट्या, मोगल दरबारात विकण्यासाठी नेलेली रत्ने आणि बटाव्हिया शहराच्या किल्ल्यासाठी घडवलेल्या वेशीचे दगडही होते. आफ्रिकेच्या टोकावरून पश्चिमी वाऱ्यांवर सरळ पूर्वेला जायचे आणि मग उत्तरेला वळायचे, असा कंपनीचा ठरलेला मार्ग होता. त्या काळी रेखांश मोजता येत नसे. वळण घ्यायला उशीर झाला की जहाज ऑस्ट्रेलियाच्या खडकांवर जाई. 4 जून 1629 च्या पहाटे तेच झाले. पहाऱ्यावरच्या माणसाला पुढे पांढरा फेस दिसला होता. कप्तानाने ते चांदणे ठरवले.

सुमारे 40 माणसे बुडाली. बाकीची जवळच्या प्रवाळी बेटांवर पोचली, पण तेथे ना झाड, ना गोडे पाणी. पेल्सार्ट, याकोब्स आणि इतर काही असे एकूण 48 जण मोठ्या पडावातून पाणी शोधायला निघाले. ते मिळेना, तेव्हा थेट बटाव्हिया शहराकडे गेले आणि 33 दिवसांत एकही माणूस न गमावता पोचले. नौकानयनाचा तो पराक्रम खरा. पण मागे राहिलेल्यांच्या लेखी प्रमुख आणि कप्तान रात्रीतून पळाले होते, आणि एका बेटाला त्यांनी ‘देशद्रोह्यांचे बेट’ असे नावच ठेवले.

पोहता न येणारा कॉर्नेलिस फुटक्या जहाजावर आठ-नऊ दिवस अडकून राहिला आणि शेवटी एका लाकडाला धरून वाहत किनाऱ्याला लागला. हुद्द्याने तोच सर्वांत वरचा असल्याने कारभार आपोआप त्याच्याकडे आला. त्याने वाचलेल्यांचे जुने पंचमंडळ मोडून आपली माणसे नेमली, शस्त्रे आणि होड्या ताब्यात घेतल्या. मग माणसे बेटांबेटांवर पाठवून त्यांची फाटाफूट केली. वीबे हेस या साध्या सैनिकाला सुमारे 20 जणांसह दूरच्या मोठ्या बेटावर पाणी शोधायला पाठवले. पाणी सापडले तर धुराचा इशारा द्या, होड्या येतील, असे सांगितले. होड्या पाठवण्याचा विचारच नव्हता. ती माणसे तहानेने मरावीत एवढाच हेतू होता. सुटकेला येणारे जहाज बळकावायचे तर आधी तोंडे कमी व्हायला हवीत, असा कॉर्नेलिसचा हिशेब होता.

जुलैच्या सुरुवातीला खून सुरू झाले. आधी चोरून, तराफ्यावर नेऊन बुडवून, नंतर उघड. आजारी, बायका, मुले कोणी सुटले नाही. 21 जुलैच्या संध्याकाळी पाद्री गिस्बर्ट बास्तियान्स आणि त्याची थोरली मुलगी यांना कॉर्नेलिसने जेवायला बोलावले. ते जेवत असताना त्यांच्या तंबूत पाद्र्याची बायको आणि बाकीची सहा मुले मारली गेली. मुलीला कॉर्नेलिसच्या एका साथीदाराने बायको म्हणून ठेवले, पाद्र्याला रडायचीही मनाई होती. लुक्रेशियाला स्वतः कॉर्नेलिसने आपल्या तंबूत नेले. त्याच्या टोळीने जहाजातील लाल कापडाचे जरीच्या किनारीचे गणवेश शिवले आणि एकनिष्ठेच्या शपथपत्रावर सह्या केल्या. तो स्वतःला ‘कॅप्टन-जनरल’ म्हणवू लागला. निदान 115 खुनांच्या या मालिकेत त्याने स्वतःच्या हाताने एकच प्रयत्न केला, एका तान्ह्या मुलाला विष देण्याचा, आणि तोही फसला. मूल बेशुद्ध पडले, ते दुसऱ्यांकरवी गळा दाबून मारवले. विष चालवणाऱ्याचा पूर्वीचा धंदा औषधे विकण्याचा होता, हे विसरता येत नाही.

हेसला मात्र पाणी मिळाले. त्या बेटावर कांगारूच्या जातीचे छोटे प्राणी (वॉलबी) आणि पक्ष्यांची अंडीही मुबलक होती. धुराचे इशारे दिले तरी होडी आली नाही. आल्या त्या पोहत किंवा लाकडांवर तरंगत पळून आलेल्यांच्या तोंडच्या बातम्या. हेसने पिंपांच्या लोखंडी पट्ट्या आणि खिळे ठोकून भाले बनवले, दगड रचून आडोसे उभारले. युरोपीय लोकांनी ऑस्ट्रेलियात केलेली ही सर्वांत जुनी ज्ञात बांधकामे होत. त्याच्याकडे पुढे पन्नासेक माणसे जमली. अधिकारी नव्हता, लेखी हुकूम नव्हता, तरी या तुकडीत कोणी कोणाला मारले नाही, आणि बंडखोरांचे हल्ले तिने परतवले. 2 सप्टेंबरला कॉर्नेलिस कापड आणि दारू घेऊन तहाच्या मिषाने आला आणि सैनिकांना पैशांचे आमिष दाखवू लागला. हेसच्या लोकांनी त्यालाच धरले, त्याचे चार साथीदार मारले आणि त्याला एका खड्ड्यात पक्षी सोलायला बसवले.

बंडखोरांनी वाउटर लोस या सैनिकाला नवा म्होरक्या केले. 17 सप्टेंबरला ते बंदुका घेऊन हेसच्या बेटावर चालून गेले असतानाच क्षितिजावर ‘सारदाम’ जहाज दिसले. गव्हर्नर-जनरल यान पीटर्सझोन कून याने पेल्सार्टला तेच जहाज देऊन परत पाठवले होते. प्रश्न एवढाच उरला की आधी कोण पोचतो. हेस एका होडीतून निघाला, बंडखोर दुसऱ्या. हेस आधी पोचला आणि त्याने पेल्सार्टला सावध केले. लाल कपड्यांतील सशस्त्र माणसे जवळ आली तेव्हा ‘सारदाम’वरून त्यांच्यावर बंदुका रोखलेल्या होत्या, त्यांनी शस्त्रे समुद्रात फेकली.

खटल्याचा भाग या प्रकरणात सर्वांत विचार करण्यासारखा आहे. वलंदेजी कायद्यानुसार फाशीसाठी आरोपीचा कबुलीजबाब लागे, आणि तो यातना थांबल्यावर स्वखुशीने पुन्हा द्यावा लागे. कबुली नसेल तर यातना देण्याची कायदेशीर मुभा होती. पेल्सार्टच्या मंडळाने पाण्याची यातना वापरली. गळ्याभोवती, नाकाच्या वर येईल असा कॅनव्हासचा घेर बांधायचा आणि त्यात पाणी ओतत राहायचे. श्वास घ्यायचा तर माणसाला ते पाणी प्यावेच लागते. कॉर्नेलिसने सुरुवातीला सारा दोष मेलेल्या साथीदारांवर ढकलला, यातना झाल्या की कबूल केले, आणि दुसऱ्या दिवशी यातनेच्या भयाने बोललो म्हणून मागे घेतले. हे पुन्हापुन्हा झाले. प्रक्रियेचा हा आग्रह आज क्रूर वाटतो, पण ती नोंद नीट ठेवली गेली म्हणूनच एवढे तपशील उपलब्ध आहेत. कॉर्नेलिसच्या राज्यात जीव घेण्याआधी विचारपूस नव्हती. पेल्सार्टच्या न्यायालयात ती होती; ती पाणी ओतून का होईना करावी लागे, हा फरक लहान नाही. मात्र न्यायासनावर बसलेल्या माणसाने मागे माणसे सोडून पडाव हाकारला होता, हे मंडळातील कोणी नोंदवले नाही.

कैद्यांना बटाव्हिया शहरात नेऊन शिक्षा द्यावी की इथेच, याची चर्चा झाली. जहाजावर चांदी असणार, माणसे थोडी, आणि कॉर्नेलिसची जीभ गोड. वाटेत पुन्हा बंड होईल, म्हणून इथेच, असे ठरले. निकाल 28 सप्टेंबरला लागला. कॉर्नेलिसने विष घेऊन पाहिले, ते लागू पडले नाही. समुद्र खवळल्याने फाशी एक दिवस पुढे ढकलावी लागली. 2 ऑक्टोबर 1629 रोजी सात जणांना फाशी देण्यात आली. कॉर्नेलिसचे दोन्ही हात आधी तोडले, काहींचा उजवा हात. आपल्याला बिघडवणारा मेला हे डोळ्यांनी पाहता यावे, म्हणून त्याला पहिला टांगावा अशी बाकीच्यांनीच मागणी केली.

फाशीची शिक्षा झालेला आठवा यान पेलग्रोम, जेमतेम 18 वर्षांचा पोऱ्या. ऑगस्टमध्ये कॉर्नेलिसने एका मुलाचे डोके उडवून तलवारीची धार तपासायचे ठरवले तेव्हा ते काम आपल्याला मिळावे म्हणून हाच हट्ट करत होता आणि दुसऱ्याला मिळाले म्हणून रडला होता. फासाजवळ तो प्राणांसाठी रडू लागला. पेल्सार्टने वयाकडे पाहून फाशी माफ केली. लोसलाही मरण टळले. 16 नोव्हेंबरला दोघांना ऑस्ट्रेलियाच्या मुख्य किनाऱ्यावर उतरवले. सोबत होडी आणि स्थानिक लोकांना द्यायला मणी, घंटा, आरसे, लाकडी बाहुल्या दिल्या, आणि देश कसा आहे याची माहिती काढायला सांगितले. ही दया होती खरी, पण कंपनीच्या हिशेबातली. अज्ञात किनाऱ्यावर दोन चौकशीदार फुकट मिळाले, तर जहाजातील जागाही वाचली. या दोघांना ऑस्ट्रेलियात राहिलेले पहिले ज्ञात युरोपीय मानतात. 1644 मध्ये टास्मन या डच दर्यावर्द्याला त्यांचा शोध घेण्याची सूचना होती. ते सापडले नाहीत.

उरलेल्या आरोपींची बेटावरची सौम्य शिक्षा बटाव्हिया शहरात टिकली नाही. पेल्सार्टने काहींना फटके आणि जहाजाखालून ओढण्याची शिक्षा देऊन सोडले होते. जानेवारी 1630 मध्ये वरिष्ठांनी प्रकरण पुन्हा उघडले. कॉर्नेलिसच्या एका उपप्रमुखाची हाडे चाकावर मोडण्यात आली, आणखी काहींना फाशी झाली. त्यांत पेल्सार्टचा कारकून सॉलोमन डेशांप होता. ते बेशुद्ध तान्हे मूल त्याच्याच हातून, धाकदपटशाने, मारवले गेले होते. कोवळ्या वयाच्या दोघांत चिठ्ठी टाकून एकाला फाशी, दुसऱ्याला फटके असे ठरले. एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा झाली, आणि दुसऱ्यांदा अधिक कडक. तेव्हा गव्हर्नर-जनरल होता याक स्पेक्स. त्याची अल्पवयीन मुलगी सारा हिला आदल्याच वर्षी एका तरुण सैनिकाशी असलेल्या संबंधासाठी कूनने जाहीर फटके मारवले होते आणि त्या पोराचा शिरच्छेद केला होता. ज्याच्या घरात कंपनीची कठोरता शिरली होती, त्याने ती थोडी सैल केली असेल अशी अपेक्षा असेल तर ती फोल ठरते.

याकोब्स तुरुंगात राहिला. त्याने कट नाकारला आणि त्याच्याविरुद्ध फाशीइतकी कबुली मिळाली नाही. हेसला सार्जंट आणि पुढे निशाणबरदार करून पगार वाढवला. सुटकेच्या मोहिमेत चांदीच्या 12 पैकी 10 पेट्या परत मिळाल्या, त्या डच आणि गुजराती पाणबुड्यांनी काढल्या. एक पेटी तोफेखाली अडकून राहिली. ‘सारदाम’च्या कप्तानासह पाच माणसे मात्र व्हिनेगरचे एक पिंप शोधायला निघाली आणि परतली नाहीत. कंपनीने माणसे सोडून गेल्याबद्दल पेल्सार्टला दोष दिला, आणि तो 1630 च्या सप्टेंबरमध्ये मरण पावला.

हकिगत 1647 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला पुस्तकरूपाने छापली गेली. जहाजाचे अवशेष 4 जून 1963 रोजी, बरोबर 334 वर्षांनी, शोधले गेले; इतिहासकार हेन्रिएटा ड्रेक-ब्रॉकमन यांनी कागदपत्रांवरून स्थान सुचवले होते. 1970 च्या दशकात वेस्टर्न ऑस्ट्रेलियन म्यूझियमने उत्खनन केले. जहाजाचा मागचा भाग फ्रीमँटलच्या संग्रहालयात आहे, वेशीचे दगड जेराल्डटनला जुळवून उभे केले आहेत. बेटावर खून झालेल्यांचे सांगाडेही सापडले. जहाजाची प्रतिकृती 1985 ते 1995 या काळात नेदरलँड्समधील लेलिस्टाड येथे बांधण्यात आली.