राणीछाप रुपया आणि बायकांची चांदी

चुलीवर आधण ठेवलं असेल तर राहू द्या, हातातलं काम करता करताच ऐका.

मागच्या महिन्यात आमच्या बचतगटाच्या बैठकीत एका आजींनी कमरेची पिशवी सोडली आणि सतरंजीवर अकरा रुपये ओतले. चांदीचे, जुने. त्यांच्या सासूने त्यांना दिलेले. तालुक्याच्या बाजारात एका सोनाराने ते तळहातावर घेऊन सांगितलं होतं, "आजी, सगळी अर्धी चांदी आहे." आजींना ते पटलं नव्हतं, पण उत्तरही सुचलं नव्हतं. मग आम्ही त्या रुपयांचाच इतिहास शोधायला बसलो.

इंग्रजांच्या राज्यात 1835 पासून रुपयाचं वजन ठरलेलं होतं, बरोबर एक तोळा. आजच्या मापात 11.66 ग्रॅम. बारा भागांतले अकरा भाग चांदी आणि एक भाग दुसरा धातू. म्हणजे निव्वळ चांदी साडेदहा ग्रॅमच्या थोडी वर. असे ऐंशी रुपये तागडीत टाकले की पक्का शेर भरायचा. दगडावर आपटला की खणखण वाजायचा. खात्रीच्या माणसाला आपण अजून 'बंदा रुपया' म्हणतो ते यावरूनच.

त्या काळी कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या टाकसाळीत जावं, थोडी घडणावळ द्यावी आणि रुपये पाडून आणावेत, अशी मुभा होती. त्यामुळे रुपया आणि दागिना यांत फारसं अंतर नव्हतं. सुगी चांगली झाली की रुपये आटवून वाळे, तोडे, गोठ करायचे. दुष्काळ पडला की तेच मोडून पुन्हा रुपये. बँक गावात नव्हती, आणि असती तरी बाईच्या नावाचं खातं कोण उघडणार होतं? बाईची बँक तिच्या पायात आणि दंडात होती. शेत नवऱ्याचं, घर सासऱ्याचं, पण अंगावरची चांदी बहुतेक ठिकाणी तिची मानली जायची.

हे गणित 1893 साली मोडलं. जगात चांदीचा भाव घसरत चालला होता. अमेरिकेत नव्या खाणी लागल्या होत्या, जर्मनीसारखे देश सोन्याच्या नाण्यावर गेले होते. इथल्या सरकारला दरवर्षी विलायतेला पैसे धाडावे लागत ते सोन्याच्या हिशेबात, आणि रुपया स्वस्त झाला की त्यांना जास्त रुपये मोजावे लागत. म्हणून त्यांनी टाकसाळीचं दार लोकांसाठी बंद केलं. रुपये सरकारच पाडणार, किंमतही सरकारच ठरवणार. पुढे ती सोळा पेन्स ठरली. सोळा आण्यांचा रुपया, सोळा पेन्स, म्हणजे आण्याला एक पेनी. हिशेबाला किती सोपं!

पण आता बाईच्या तोड्याचं काय झालं ते बघा. 1899 च्या सुमाराला लंडनच्या भावाने एका रुपयातल्या चांदीची किंमत साधारण दहा आणे होती. राजाचा छाप असलेली तोळाभर चांदी सोळा आण्यांची, आणि तेवढीच चांदी बाईच्या पायात असली तर दहा आण्यांची. त्यातच 1896-97 आणि 1899-1900 असे दोन मोठे दुष्काळ लागोपाठ आले. दागिने मोडायची वेळ आली तेव्हाच त्यांची किंमत उतरलेली. कागदावर कोणी बायकांची चांदी हिसकावली नव्हती. रमेशचंद्र दत्त यांनी विलायतेत चौकशी समितीपुढे गरिबांच्या साठवणीचं हे नुकसान मांडलं होतं. टाकसाळ काही उघडली नाही.

पुढे पहिल्या महायुद्धात चाक उलटं फिरलं. चांदी महाग होऊ लागली आणि ऑगस्ट 1917 मध्ये भाव त्रेचाळीस पेन्सांवर गेला. या भावाला रुपयातली चांदीच सोळा आण्यांची होते. त्याच्या वर एक पेनी चढली की रुपया खर्च करण्यापेक्षा आटवणं फायद्याचं. सरकारला हे आधीच दिसलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये नाणी आटवायला बंदी झाली, आणि 30 नोव्हेंबर 1917 ला पहिल्यांदा एक रुपयाची कागदी नोट आली. पाठोपाठ अडीच रुपयांचीही आली. लोकांनी काय करावं? चांदीचा रुपया मडक्यात आणि नोट बाजारात. नोट मोडायला गेलं तर बट्टा द्यावा लागायचा. शेवटी 1918 साली अमेरिकेने कायदा करून आपल्या साठ्यातली चांदी विकायला काढली, तेव्हा इथल्या टाकसाळी चालू राहिल्या. गावोगावच्या मडक्यांमुळे अमेरिकेला कायदा करावा लागला, हे वाचून आम्ही जरा हसलोच.

दुसऱ्या महायुद्धात तेच झालं, पण या वेळी सरकार शहाणं झालं होतं. 1940 च्या जूनमध्ये गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं गुन्हा ठरलं. त्याच वर्षी रुपयातली चांदी अर्ध्यावर आणली. वजन तेच, छापही राजाचाच, पण आत निम्मी चांदी. मग राणीछाप, त्यानंतर एडवर्डचे, मग जॉर्जचे जुने रुपये 1941 ते 1943 या काळात चलनातून रद्द केले. ज्यांना मुदत कळली त्यांनी खजिन्यात भरून नवे घेतले. ज्यांना कळली नाही, किंवा कळूनही ज्यांनी मडकं उकरलं नाही, त्यांच्याकडे ते आजही आहेत. तांब्याचीही तंगी होती, म्हणून 1943 पासून पैशाच्या मधोमध भोक आलं. तो भोकाचा पैसा आपल्यातल्या काहींनी करगोट्यात ओवलेला पाहिला असेल.

स्वातंत्र्याच्या वर्षी, 1947 ला, रुपयातून चांदी पूर्ण गेली आणि निकल आलं. त्यावर मागे वाघ आहे. युद्धात अमेरिकेकडून उसनी आणलेली चांदी परत करायची होती, म्हणून अर्ध्या चांदीचे रुपयेही सरकारने गोळा केले. पुढे सुट्ट्या नाण्यांचा धातूही त्यांच्या किमतीवर जाऊ लागला, तेव्हा 1971 साली वेगळा कायदा झाला. आता 2011 चा नाणे कायदा आहे. चालू नाणं आटवलं तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तेव्हा तसलं काही कोणी सुचवलं तर ऐकू नका.

मग आम्ही आजींचे रुपये उजेडात धरून एकेक साल वाचलं. अक्षरं झिजली होती, नातीने मोबाइलच्या बॅटरीने पाहिलं. आठ रुपये 1940 च्या आधीचे, म्हणजे पूर्ण चांदीचे. दोन 1942 चे, अर्धे. एक वाघाचा. तो फ्रिजच्या दारावरच्या लोहचुंबकाला चिकटला, कारण निकल चिकटतं, चांदी चिकटत नाही. सगळे अर्ध्या चांदीचे धरले असते, तर झीज सोडून आजींची पावणेतीन तोळ्यांहून जास्त चांदी गेली असती. आणि राणीच्या रुपयाला साल, छाप बघून नाणी जमवणारे चांदीपेक्षाही वर देतात, ते वेगळंच.

आजींनी वाघाचा रुपया नातीला खेळायला दिला. बाकीचे दहा मोजून पुन्हा पिशवीत घातले, गाठ मारली आणि म्हणाल्या, "आता त्या सोनाराकडे मी एकटी जाणार नाही. तुम्हीही चला, आणि ते चुंबक घ्या बरोबर."

येत्या गुरुवारी आम्ही चौघी जाणार आहोत.