एआय नव्हतं तेव्हाही अफवेनं जीव घेतले. मग आता काय बदललंय? पालघरच्या दोन घटना आणि नवं संशोधन

एखादा व्हिडिओ किंवा ऑडिओ व्हायरल झाला की हल्ली पहिला प्रश्न येतो, ‘हे एआय तर नाही ना?’ प्रश्न योग्य आहे, पण पुरेसा नाही. गेल्या काही वर्षांतली पुस्तकं आणि संशोधन वाचलं, तर त्याआधीचा एक प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: खोटी गोष्ट पसरते कशी आणि लोक तिच्यावर विश्वास का ठेवतात?

हे समजून घ्यायला पालघर जिल्ह्याइतकं बोलकं उदाहरण सापडणं कठीण. सोशल मीडिया आणि अफवा यांच्यामुळे पालघरचं नाव दोनदा देशभर गाजलं. दोन्ही वेळा एआयचा संबंध नव्हता.

२०१२ मध्ये पालघरमध्ये काय झालं होतं?

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं आणि मुंबई बंद राहिली. त्या बंदबद्दल प्रश्न विचारणारी पोस्ट पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर लिहिली. तिच्या मैत्रिणीनं ती लाइक केली. जमावानं त्या तरुणीच्या काकांच्या हॉस्पिटलची तोडफोड केली आणि पोलिसांनी दोघी मुलींना अटक केली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. वेगळा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला.

या अटकेत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ वापरलं गेलं. ‘त्रासदायक’ किंवा ‘आक्षेपार्ह’ मजकुरासाठी तुरुंगवास देणारं हे कलम इतकं मोघम होतं की कोणतीही पोस्ट त्यात बसवता आली असती. या अटकेनंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयानं हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं.

आणि २०२० मध्ये?

एप्रिल २०२०. कडक लॉकडाऊन, रस्ते सुनसान. डहाणू तालुक्याच्या दुर्गम भागात रात्री चोर फिरतात, मुलं पळवणाऱ्या टोळ्या येतात अशा अफवा सुरू होत्या. गावकरी रात्रपाळीनं पहारा देत होते. १६ एप्रिलच्या रात्री दादरा-नगर हवेलीच्या सीमेजवळच्या गडचिंचले इथं एक गाडी अडवली गेली. मुंबईहून सुरतला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक, अशा तिघांचा पोलिसांसमोर जमावानं जीव घेतला.

पण अफवा तिथं थांबली नाही. घटनेचा व्हिडिओ पसरला आणि त्यात ‘शोएब’ असं नाव ऐकू येत असल्याचा दावा करून हल्ल्याला धार्मिक रंग देण्यात आला. प्रत्यक्षात तो आवाज ‘ओय, बस’ असा होता. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर केली आणि त्यात एकही मुस्लीम नसल्याचं सांगितलं.

म्हणजे एकाच प्रकरणात दोन अफवा झाल्या. पहिलीनं तीन माणसं मारली गेली, तर दुसरीनं त्या मृत्यूंचा वापर करून आणखी द्वेष पसरवला. दुसरीसाठी कुणालाही व्हिडिओत फेरफार करावा लागला नाही. लोकांना काय ऐकायचं ते आधी सांगितलं गेलं आणि त्यांना तेच ऐकू आलं.

खोटं इतक्या वेगानं का पसरतं?

एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर सुमारे ३० लाख लोकांनी पसरवलेल्या, खऱ्या-खोट्याची पडताळणी झालेल्या बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी रीट्विट होण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के जास्त होती. याचं कारण बॉट्स नव्हते. बॉट्सनी खरं आणि खोटं दोन्ही सारख्याच प्रमाणात पसरवलं होतं. फरक माणसांनी केला. खोट्या बातमीत नवल आणि धक्का जास्त असतो, म्हणून ती पुढे पाठवावीशी वाटते.

अरविंद नारायणन आणि सायश कपूर यांच्या ‘एआय स्नेक ऑइल’ (२०२४) या पुस्तकाचा सूरही याच्याशी जुळतो. त्यांच्या मते खोटा मजकूर बनवणं आधीपासूनच स्वस्त होतं. अवघड असतं ते लोकांपर्यंत पोहोचणं आणि त्यांना पटवणं. जुना फोटो नव्या ओळीसह टाकला तरी काम भागतं. २०१८ मध्ये भारतभर मुलं पळवणाऱ्यांच्या अफवांसोबत फिरलेला एक व्हिडिओ मुळात पाकिस्तानातल्या कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची फिल्म होती. मुलाला सुखरूप परत आणतात तो शेवटचा भाग तेवढा कापलेला होता. त्याच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथं भिक्षुकीसाठी आलेल्या पाच जणांना जमावानं ठार केलं.

मग एआयमुळे काहीच बदललं नाही का?

बदललं आहे, पण आपल्याला वाटतं त्या जागी नाही.

किरण गरिमेला आणि सायमन शोशार या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या व्हॉट्सअ‍ॅप वापरणाऱ्यांच्या संमतीनं, खूप वेळा फॉरवर्ड झालेले सुमारे दोन हजार संदेश तपासले. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार त्यात एआयनं बनवलेला मजकूर जेमतेम एक टक्का होता. हा आकडा २०२३ च्या उत्तरार्धातला आहे. त्यानंतर साधनं स्वस्त आणि सोपी झाली आहेत.

खरा बदल तीन ठिकाणी दिसतो.

पहिला, आवाज. २०२३ च्या एका ब्रिटिश अभ्यासात ५२९ लोकांना खरे आणि कृत्रिम आवाज ऐकवले. कृत्रिम आवाज त्यांना ७३ टक्के वेळाच ओळखता आला. आधी नमुने ऐकवून सराव दिल्यावरही फारसा फरक पडला नाही. हा अभ्यास इंग्रजी आणि मँडरिन भाषांत झाला होता. महाराष्ट्रातही हे घडून गेलं आहे. विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, १९ नोव्हेंबर २०२४ रोजी, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या आवाजातल्या असल्याचा दावा करणाऱ्या बिटकॉइनसंबंधी ऑडिओ क्लिप्स पसरल्या. दोघांनीही आरोप फेटाळले. ‘बूम’ या तथ्यपडताळणी संस्थेला बहुतेक क्लिप्समध्ये एआयची चिन्हं आढळली. पण अशी पडताळणी व्हायला वेळ लागतो आणि क्लिप तोवर घरोघरी पोहोचलेली असते.

दुसरा, खऱ्याबद्दलचा संशय. कायद्याचे अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट चेस्नी आणि डॅनियल सिट्रन यांनी याला ‘खोटारड्याला मिळणारा लाभांश’ म्हटलं आहे. सगळंच बनावट असू शकतं म्हटलं, की खरा पुरावा समोर आला तरी ‘हे एआय आहे’ म्हणून हात झटकता येतात.

तिसरा, कोणती पोस्ट कुणाला दाखवायची हे मशीननं ठरवणं. युवाल नोआ हरारी यांच्या ‘नेक्सस’ (२०२४) मध्ये म्यानमारचं उदाहरण आहे. तिथं रोहिंग्यांविरुद्धचा द्वेष माणसांनी लिहिला, पण लोकांना जास्त वेळ गुंतवून ठेवायला शिकवलेल्या फेसबुकच्या अल्गोरिदमनं तो वर आणला.

आपल्या भाषेत हा धोका जास्त आहे का?

लहान भाषांकडे कंपन्यांचं लक्ष कमी असतं. २०२१ मध्ये उघड झालेल्या फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांनुसार, चुकीची माहिती ओळखण्यासाठीच्या वेळेच्या बजेटपैकी ८७ टक्के वाटा एकट्या अमेरिकेसाठी होता. उरलेलं सगळं जग १३ टक्क्यांत.

आता पालघरकडे पाहा. इथं मराठीबरोबर वारली, वाडवळी, मांगेली बोलल्या जातात, सीमेवर गुजराती आहे. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत हिंदी, भोजपुरी, ओडिया बोलणारे कामगार आहेत. वारलीतला खोटा ऑडिओ पकडणारं मशीन कुठून येणार?

इथं भीतीची कारणंही खरी आहेत. तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे. एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत. ११ जानेवारी २०२० रोजी तिथल्या एका कारखान्यात स्फोट होऊन जीव गेले. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के जाणवू लागले. अशा ठिकाणी ‘वायुगळती झाली, पळा’ असा ओळखीच्या अधिकाऱ्याच्या आवाजातला ऑडिओ आला तर चेंगराचेंगरी होऊ शकते. आणि गळती खरंच झाली असताना लोक ‘हे एआय असेल’ म्हणून घरात बसले, तर तेही तितकंच जीवघेणं.

कायद्यानं किंवा कंपन्यांनी हे थांबेल?

काही प्रमाणात. २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फॉरवर्ड झालेला संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनं सांगितलं. ब्राझील आणि एमआयटीच्या संशोधकांच्या मते मात्र अशा मर्यादेनं प्रसार मंदावतो, पूर्ण थांबत नाही.

सरकारनं खरं-खोटं ठरवावं, तर २०१२ ची आठवण होते. केंद्रानं २०२३ मध्ये सरकारी कामकाजाबद्दलची ‘खोटी’ माहिती ओळखण्यासाठी तथ्यपडताळणी कक्षाची तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयानं २० सप्टेंबर २०२४ रोजी ती रद्द ठरवली. मोघम शब्दांच्या आधारे पोस्ट काढायची सवय लागली, की अफवेबरोबर साधा प्रश्न विचारणारेही अडकतात. पालघरच्या त्या दोन मुलींनी अफवा पसरवली नव्हती.

मग उपाय काय?

मधुमिता मुर्गिया यांच्या ‘कोड डिपेंडंट’ (२०२४) मध्ये महाराष्ट्रातलंच एक उदाहरण आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या चिंचपाड्याच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आशिता सिंग भिल्ल समाजातल्या रुग्णांच्या छातीचे एक्स-रे क्षयरोगासाठी तपासताना एआयची मदत घेतात. तिथं मशीन एक्स-रे वाचतं, पण रुग्ण विश्वास ठेवतो तो समोरच्या डॉक्टरवर.

अफवेलाही हेच लागू पडतं. भीती वाटली की फोन करून विचारता येईल असं खात्रीचं माणूस जवळ असेल, तर अफवा तिथंच अडते. म्हणून:

- पोलीस पाटील, आशाताई, जवळचं पोलीस ठाणं आणि कारखान्याचा सुरक्षा विभाग यांचे नंबर आजच सेव्ह करा. तातडीची मदत हवी असेल तर ११२.
- संदेशावर दुहेरी बाण असेल तर तो अनेक हातांतून आलेला आहे. पाठवणारा ओळखीचा असला तरी मजकूर त्याचा नाही.
- फोटो किंवा व्हिडिओतलं दृश्य गूगल लेन्सवर शोधा. जुनी, दुसऱ्या देशातली दृश्यं बरेचदा तिथंच उघडी पडतात.
- नातेवाइकाच्या आवाजात पैशांची मागणी आली तर फोन ठेवा आणि तुमच्याकडे असलेल्या त्यांच्या नंबरवर स्वतः फोन करा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर तक्रार करा.
- ‘अमुक माणसं दिसली, सावध राहा’ असा संदेश ग्रुपवर टाकण्याआधी पोलिसांना कळवा.
- चुकून खोटं फॉरवर्ड केलं असेल तर नुसतं डिलीट करू नका. त्याच ग्रुपवर ‘मी पाठवलेलं चुकीचं होतं’ असं लिहा. ज्यांनी ते वाचलंय, त्यांना हे कळायलाच हवं.