सोलापूरचे आंदण

गेल्या भाऊबीजेला आमच्या घरी फराळाला मंडळी जमली होती. चिवड्याच्या बशा रिकाम्या व्हायच्या आत विषय निघाला तो आमच्या वहिनींच्या भावाचा. साठी उलटल्यावर त्यांनी दुसरे लग्न केले आणि तेव्हापासून थोरल्या मुलांनी मृत्युपत्राचा धोशा लावला आहे. नव्या बाईंना राहते घर कबूल केले होते म्हणे. पण कागद नाही. ‘‘आपल्याकडे असले काही पूर्वी नव्हते हो, भाऊजी!’’ वहिनी कळवळून म्हणाल्या. मी पडलो इतिहासाचा मास्तर. मला राहवते थोडेच!

आता गावाचे नाव अहिल्यानगर झाले आहे. पण ही हकीकत निजामशाहीतली, तेव्हा नगरच म्हणतो.

निजामशाहीचा दुसरा सुलतान बुऱ्हाण १५१० साली, पोरवयातच, गादीवर आला. पुढे आमिना नावाच्या नर्तकीवर त्याचे मन बसले. तिच्याशी लग्न लावून त्याने तिला जनान्यात पहिला मान दिला. मग १५२४ साली सोलापुरास त्याचे आणखी एक लग्न झाले. नवरी मरियम, विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण. तिची आई मराठ्याची लेक, मुकुंदराव हा मामा. आणि नवऱ्या मुलाचा आजा जन्माने पाथरीकडचा ब्राह्मण! लग्नाच्या बोलणीत असदखान या विजापुरी सरदाराने सोलापूरचा किल्ला आंदण देण्याचे कबूल केले, असे नगरकर म्हणत. लग्न झाल्यावर किल्ला मागितला, तर इस्माईल म्हणतो, असे काही ठरल्याचे मला ठाऊकच नाही.

इकडे मरियमला सासरी आमिनेच्या हाताखाली राहावे लागले. राजाची बहीण ती. तिचे गाऱ्हाणे माहेरी गेले, भावाने ते नगरच्या वकिलाला ऐकवले, बुऱ्हाण चिडला आणि १५२५ साली फौजा भिडल्या. त्या उन्हात बुऱ्हाणला घेरी आली व पालखीत घालून त्याला माघारी आणावे लागले. हे लिहिणारा फिरिश्ता लहानपणी नगरलाच वाढलेला. पुढे तो विजापूरच्या चाकरीत गेला, तेव्हा थोडे माप इकडेतिकडे धरावे.

सोलापूर पुढे बुऱ्हाणने लढूनच घेतले. १५५३ साली तो वारला, आणि घराची वाटणी व्हावी तशी राज्याची वाटणी काही होत नाही. आमिनेचा थोरला मुलगा हुसेन गादीवर बसला. त्याचा सख्खा भाऊसुद्धा वऱ्हाडात पळाला, मग सावत्रांचे काय विचारता! मरियमचा मुलगा शाहअली आजोळी, विजापुरास गेला. गंमत अशी, की याच हुसेनने नंतर आपली लेक चांदबिबी विजापुरास दिली, तेव्हा आंदण म्हणून सोलापूरच दिले! उलट विजापूरची मुलगी नगरच्या राजपुत्राला केली. सरळ साटेलोटे, आणि त्याच जोरावर १५६५ साली सर्वांनी मिळून विजयनगर बुडवले.

शाहअलीचे मला फार वाईट वाटते. १५९५ साली मोगलांनी नगरला वेढा घातला. आत चांदबिबी, म्हणजे आमिनेची नात, चिमुरड्या बहादुरशहासाठी झुंजत होती. त्याच वेळी एका हबशी सरदाराने सत्तरी गाठलेल्या शाहअलीला विजापूरकडून आणून त्याच्यावर छत्र धरले. त्या सरदाराने मोगलांचा वेढा फोडला आणि तो किल्ल्यात शिरला; म्हातारा मात्र आपल्या मुलाला, मुर्तजाला, घेऊन वाटेवरूनच परत फिरला. बापाच्या किल्ल्याच्या इतक्या जवळ येऊन!

१६०० साली किल्ला पडला, चांदबिबीला तिच्याच माणसांनी मारले आणि बहादुरशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. तेव्हा मलिक अंबर व इतर सरदारांनी परंड्यास नवा सुलतान केला, तो हाच मुर्तजा. मरियमचा नातू!

‘‘मिळाले एकदाचे,’’ वहिनी म्हणाल्या.

मिळाले खरे. पण मुर्तजाच्याही घरात दोन राण्या होत्या: थोरली इराणी, धाकटी मलिक अंबरची मुलगी. डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूक याने लिहून ठेवले आहे, की थोरलीने धाकटीला गुलामाची पोर म्हटले, लेकीने बापाला सांगितले आणि अंबराने राजाला व थोरल्या राणीला विष घातले. हे १६१० साल.

वहिनी थोडा वेळ करंजी हातात धरून बसल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘‘भाऊजी, मृत्युपत्राला साक्षीदार किती लागतात हो?’’

‘‘दोन,’’ मी म्हटले.