तारलीचा ठाव : एका माशाच्या मोजणीचा इतिहास



इतिहास म्हटला की तह, लढाया आणि सनदा आपल्या डोळ्यांसमोर येतात. आज मात्र एका वीतभर माशाविषयी बोलण्याची अनुज्ञा घेतो. तारली हा मासा गोमंतकात गरिबाच्या ताटातला म्हणून ओळखला जातो. रापणीला तो उदंड लागला की उरलेला माडांच्या आळ्यांत खत म्हणून जात असे. मलबारात त्यालाच मत्ती किंवा चाळा म्हणतात. भारतीय सागरी मासेमारीत या एका जातीइतके चढउतार क्वचितच दुसऱ्या कोणत्या जातीने दाखविले असतील. समुद्रात तारली किती आहे आणि ती सुस्थितीत आहे की नाही, हे ठरविण्याचा प्रयत्न शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. त्या प्रयत्नाचा हा वृत्तांत आहे.

तारलीची लहर जुनी आहे. १८६५ साली मलबारच्या माशांवर ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या फ्रान्सिस डे यांनीच नोंदविले होते की काही हंगामांत हा मासा अमाप मिळतो, तर कधी लागोपाठ अनेक वर्षे तो आपली ठिकाणे सोडून जातो. त्या काळी मलबारच्या किनाऱ्यावर तारली उकळून तेल काढीत आणि उरलेला चोथा वाळवून खत म्हणून विकीत. मासा आला नाही की कोळ्यांबरोबर तेलाचा व्यापारीही हवालदिल होई. मद्रास सरकारने विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेडरिक निकल्सन यांच्याकडे मत्स्यव्यवसायाची पाहणी सोपविली, त्यामागे हा व्यापारही होता. पुढे जेम्स हॉर्नेल आणि त्यांचे सहकारी नायडू यांनी १९२० च्या दशकात तारलीचे जीवनवृत्त प्रसिद्ध केले. ती कधी अंडी घालते, काय खाते, किती वाढते, हे प्रश्न प्रथमच शिस्तीने विचारले गेले.

त्यानंतर १९४० च्या सुमारास तारली जवळजवळ नाहीशी झाली. मद्रास मत्स्यखात्यातील शास्त्रज्ञ देवनेसन यांचे मत असे पडले की, लहान पिल्ले आणि अंड्यावर आलेले मासे बेसुमार पकडल्यामुळे हा दुष्काळ ओढवला आहे. सरकारने १९४३ साली निर्बंध घातले. त्यांत बारीक आसाच्या 'मत्तिकोल्ली' जाळ्यावर, म्हणजे नावाप्रमाणेच मत्ती मारणाऱ्या जाळ्यावर, विशेष रोख होता. अंमलबजावणी जमेना, आणि काही वर्षांतच हे निर्बंध मागे घेण्यात आले. पुढे १९५० च्या दशकात तारली परतली. ती निर्बंधांमुळे परतली असे म्हणायला आधार नाही आणि निर्बंध व्यर्थ होते असे म्हणायलाही नाही, कारण समुद्रात मूळ साठा किती होता हे कोणालाच मोजता आले नव्हते. मला या प्रसंगात सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते. ज्याच्या घरी एकच जाळे होते त्याच्यावर निकाल लादला गेला, आणि खटल्यात पुरावा अपुरा होता.

मोजणी अवघड का, हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. साठा मोजण्याचा सोपा मार्ग म्हणजे दर होडीमागे किती मासा येतो ते पाहणे. जंगलातल्या पक्ष्यांना किंवा तळाशी विखुरलेल्या माशांना हे माप बरे लागू पडते. तारली मात्र थव्याने राहते. साठा निम्म्यावर आला तरी उरलेले मासे दाट थव्यांतच राहतात. फक्त थवे कमी होतात आणि त्यांचा विस्तार आक्रसतो. थवा हेरणाऱ्या नाखव्याचे जाळे पूर्वीइतकेच भरते. कागदावर सारे आलबेल दिसते आणि एके वर्षी अचानक काहीच लागत नाही. कॅलिफोर्नियात हेच घडले. तेथील सार्डिनची पकड १९३६-३७ च्या हंगामात सात लाख टनांपलीकडे गेली होती. पुढच्या दीड-दोन दशकांत तो धंदा कोसळला आणि माँटेरेचे डबाबंदीचे कारखाने बंद पडले. पेरूच्या अँचोवेटाचे १९७२-७३ मध्ये तसेच झाले.

दोष माणसाचा की निसर्गाचा, हा वाद मग जगभर रंगला. १९६९ साली सौटर आणि आयझॅक्स या दोघांनी सांता बार्बराजवळच्या समुद्रतळाच्या गाळाचे थर तपासून त्यांत अडकलेले माशांचे खवले मोजले. सुमारे दोन हजार वर्षांचा हा दप्तरखाना सांगत होता की मासेमारी सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून सार्डिन उदंड होत आणि नाहीशी होत आली आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून सुंदर साधन क्वचितच सापडेल. मात्र त्यातून माणूस निर्दोष ठरत नाही. ओहोटीच्या काळात मासेमारी भरतीच्याच जोमाने चालू राहिली, तर निसर्गाची उतरंड खोल होते, एवढे मात्र त्यातून उघड होते.

आपल्याकडे १९४७ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था स्थापन झाली. किनाऱ्यावरील निवडक बंदरांत निवडक दिवशी जाऊन, होड्या मोजून, काही होड्यांचा मासा वजन करून, त्यावरून एकूण पकडीचा अंदाज बांधण्याची तिची पद्धत अजून चालू आहे. १९७० च्या दशकात राष्ट्रसंघाच्या साहाय्याने चाललेल्या प्रकल्पात नॉर्वेच्या धर्तीवर ध्वनिलहरींनी थवे मोजले गेले. माशांच्या लांबीवरून वय आणि मृत्युदर काढण्याची रीतही रुळली. तारलीचे आयुष्य जेमतेम अडीच वर्षांचे, आणि पहिल्याच वर्षी पंधरा सेंटिमीटरच्या सुमारास ती अंड्यावर येते. त्यामुळे सारा साठा एका-दोन पिढ्यांवर उभा असतो. पावसाळ्यात खालचे थंड, पोषक पाणी वर आले, त्यात डायटम माजले आणि पिल्ले जगली, तरच पुढचा हंगाम.

नेमक्या याच काळात गोव्यात रापणकार आणि यांत्रिक होड्या यांचा संघर्ष पेटला होता. पर्ससीन जाळे थवाच्या थवा समुद्रातच वेढून घेऊ लागले, आणि किनाऱ्यावर दोर ओढणाऱ्या गावाच्या वाट्याला रिकामी रापण येऊ लागली. साठा घटला की वाटणी बदलली, हा प्रश्न तेव्हा कोणी वेगळा करून पाहिला नाही. आंदोलनाच्या रेट्याने १९८० मध्ये मासेमारी नियमनाचा कायदा झाला. रापणकारांची तक्रार न्याय्य होती, असे माझे मत आहे. पण ती प्रामुख्याने वाटणीची होती, आणि तारलीची गणना त्यातून झाली नाही.

अलीकडचे आकडे पाहा. केरळात २०१२ मध्ये तारलीची पकड सुमारे ३.९ लाख टन होती. २०१५ मध्ये ती अठ्ठावन्न नव्हे, अडुसष्ट हजार टनांवर आली आणि २०२१ मध्ये केवळ ३,२९७ टन उरली. पुढच्याच वर्षी ती पुन्हा एक लाख टनांवर गेली. दरम्यान २०१५ साली केरळ सरकारने दहा सेंटिमीटरपेक्षा लहान तारली पकडण्यास मनाई केली. ही मर्यादा अंड्यावर येण्याच्या लांबीहून पुष्कळच खाली आहे. कोळ्याच्या पोटाशी केलेली ती तडजोड आहे. १९४३ च्या निर्बंधांच्या आठवणीने पाहिले तर ती मला शहाणपणाची वाटते.

२०२४ नंतर मात्र नवेच चित्र दिसले. तारली भरपूर आली, पण आखूड आणि रोडावलेली. शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की चांगल्या पावसाळ्याने पिल्ले अफाट जगली आणि त्यांना अन्न पुरेना. टोपल्या भरल्या, भाव पडला, आणि मोजणाऱ्यांच्या वहीत वजनाच्या रकान्याशेजारी लांबीचा रकाना पुन्हा महत्त्वाचा ठरला.