सिंघण, दुसरा
(कार. सु. 1210–46). देवगिरीच्या यादव घराण्यातील सर्वांत पराक्रमी राजा. जैतुगीनंतर गादीवर आला. दक्षिणेत होयसळांकडून बराच प्रदेश जिंकून त्याने यादवसत्ता कृष्णेपलीकडे नेली. कोल्हापूरचा शिलाहार राजा दुसरा भोज याचा पराभव करून त्याने पन्हाळा घेतला व ते राज्य खालसा केले. माळवा आणि गुजरातवरही त्याने स्वाऱ्या केल्या. सेनापती खोलेश्वराच्या पराक्रमाची माहिती अंबाजोगाईच्या शिलालेखांतून मिळते. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत कामी आला. संगीतरत्नाकरकर्ता शार्ङ्गदेव सिंघणाच्या आश्रयास होता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा त्याचा राजज्योतिषी. चांगदेवाने चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. सिंघणानंतर नातू कृष्ण गादीवर आला.