मोलकरीण मध्यम, गृहिणी बैठी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आहारविषयक पुस्तिकांत बरीच वर्षे एक तक्ता छापला जात असे. कोणत्या व्यवसायातल्या माणसाला किती कष्ट पडतात आणि म्हणून त्याला रोज किती कॅलरी लागतील, हे त्यावरून ठरवायचे. कामाचे प्रकार तीन: बैठे, मध्यम आणि जड. बैठ्या कामात पुरुषांपैकी शिक्षक, शिंपी, न्हावी, पुजारी, जमीनदार आणि, का कोण जाणे, पोस्टमनसुद्धा. स्त्रियांपैकी शिक्षिका, नर्स आणि गृहिणी. मध्यम कामात शेतमजूर बाई, टोपल्या विणणारी, विड्या वळणारी आणि लोकांच्या घरी काम करणारी मोलकरीण. जड कामात स्त्रियांच्या बाजूला फक्त दगड फोडणारी. परिषदेच्या १९८९ सालच्या शिफारशींप्रमाणे बैठे काम करणाऱ्या बाईला १८७५ कॅलरी पुरेशा होत्या आणि मध्यम काम करणारीला २२२५ लागत. दोघींत फरक ३५० कॅलरींचा, म्हणजे ज्वारीच्या सुमारे १०० ग्रॅम पिठाचा. भांडी तीच, केर तोच, धुणेही तेच. पगार घेऊन केले तर ते मध्यम श्रमाचे काम, आणि आपल्याच घरात केले तर बैठे.

केर काढला, फरशी पुसली, तर कॅलरींच्या हिशेबात तो व्यायाम धरायचा की नाही, हा प्रश्न आज मोबाइलवर पावले मोजणारे लोक विचारतात. प्रश्न नवा वाटतो, पण त्याचे शारीरिक उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. गोंधळ राहिला तो हिशेब कोण आणि कशासाठी ठेवतो यामुळे. बाईच्या ताटात किती वाढायचे हे ठरवताना घरकामाला श्रम मानले गेले नाही, आणि तिने स्वतःसाठी तासभर मागितला की त्याच घरकामाला व्यायाम म्हटले गेले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, तरी त्या शतकभर गुण्यागोविंदाने नांदल्या आहेत.

आधी मोजमापाचे पाहू. माणूस दिवसभरात किती ऊर्जा खर्च करतो हे काटेकोरपणे मोजण्याचे काम अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी १८९०च्या दशकात सुरू केले. कनेक्टिकट राज्यातल्या मिडलटाउन इथे एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाच्या मदतीने त्यांनी एक बंदिस्त खोली उभारली. तिच्यात माणूस दिवसेंदिवस राहायचा, जेवायचा, झोपायचा, जागच्या जागी सायकल मारायचा. आणि बाहेर त्याच्या अंगातून निघणारी उष्णता आणि श्वासातला वायू यांची नोंद व्हायची. खोलीत बसवलेली माणसे पुरुष होती आणि श्रमाचा नमुना म्हणून सायकल होती. पण घरकाम फार काळ मोजणीबाहेर राहिले नाही. १९१९ साली फ्रान्सिस बेनेडिक्ट आणि अ‍ॅलिस जॉन्सन यांनी तरुण स्त्रियांच्या हलक्या घरकामात किती ऊर्जा खर्च होते यावर निबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी लँगवर्दी आणि बॅरट यांनी घरातल्या वेगवेगळ्या कामांचा खर्च मोजून मांडला. म्हणजे १९२० पर्यंत शास्त्राला हे ठाऊक होते की शिवणकामाला फारसे काही लागत नाही आणि झाडलोट, धुणे यांना बरेच लागते. पुढे तक्ते करणाऱ्यांना आकडे मिळाले नाहीत, असे म्हणायला जागा नाही.

तरीही आंतरराष्ट्रीय तक्त्यांत बाई आली ती एका ठरावीक साच्यात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९५०च्या दशकात प्रमाण मानलेला पुरुष ६५ किलोचा होता, त्याला ३२०० कॅलरी. प्रमाण मानलेली स्त्री ५५ किलोची, तिला २३००. ही स्त्री घरकाम करणारी किंवा हलक्या उद्योगातली, असे तिचे वर्णन होते. निदान तिचे घरकाम नोंदले गेले आणि कारखान्यातल्या हलक्या कामाच्या बरोबरीने ठेवले गेले. भारतीय तक्त्यात मात्र ते शिक्षिकेच्या खुर्चीशेजारी जाऊन बसले.

या तक्त्याच्या बाजूने बोलता येते, आणि ते बोलणे अगदीच फोल नाही. मोलकरीण चार-पाच घरी काम करते, शिवाय स्वतःच्या घरचेही करते, त्यामुळे तिचे तास जास्त. व्यवसायावरून गरज ठरवण्याची ही ठोकळ रीत आहे, प्रत्येकीच्या मागे घड्याळ घेऊन कोण फिरणार? आणि तक्त्यातली गृहिणी बहुधा शहरी मध्यमवर्गीय घरातली आहे, जिच्याकडे धुण्याभांड्याला बाई येते. हे शेवटचे कारण मला सगळ्यांत खरे वाटते, आणि तेच सगळ्यांत अडचणीचे आहे. कारण मग तक्त्यातल्या त्या दोन ओळी म्हणजे एकाच घरातल्या दोन बायका ठरतात, आणि ज्या कोट्यवधी घरांत धुण्याभांड्याला कोणीही येत नाही, तिथली बाई तक्त्यात कुठेच नाही. पाण्याच्या दोन खेपा करणारी, सरपण आणणारी, शेण काढणारी बाई मजुरीला गेली तर मध्यम, न गेली तर गृहिणी, म्हणजे बैठी. अर्थशास्त्रात असा प्रकार जुनाच आहे. घरकाम करणाऱ्या बाईशी मालकाने लग्न केले की राष्ट्रीय उत्पन्न घटते, हे पिगू यांनी दाखवून दिलेले कोडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. पण राष्ट्रीय उत्पन्न पैशात मोजायचे असल्याने बिनपगारी काम वगळण्याला तिथे निदान सबब तरी आहे. कॅलरींना ती नाही. पगार मिळाला की नाही, हे स्नायूंना कळत नाही.

या वर्गवारीतून धोरणेही निघत होती. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला, तेव्हा दरडोई २२५० कॅलरी हा त्यांचा निकष होता. १९७९ साली नियोजन आयोगाच्या कृतिदलाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरांसाठी २१०० कॅलरी ठरवल्या. हे आकडे वय, लिंग आणि कामाचे स्वरूप यांची सरासरी काढून आले होते. कामाचे स्वरूप कुठून कळणार? व्यवसायाच्या नोंदींवरूनच. आणि त्याच दशकाच्या जनगणनेत केवळ घरकाम करणारी स्त्री ‘काम न करणाऱ्या’ लोकांत मोजली जात होती, विद्यार्थी, निवृत्त आणि भिकारी यांच्यासोबत. या निकषावर खुद्द पुण्यातच वाद पेटला. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे होते की एकाच माणसाची गरजसुद्धा दिवसादिवसाला बदलते आणि शरीर खर्च कमीजास्त करून जुळवून घेते, त्यामुळे सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी ठरत नाही. दांडेकरांना हे मान्य नव्हते. वाद विद्वत्तापूर्ण होता आणि त्यात संख्याशास्त्र भरपूर होते. पण शरीर जुळवून घेते या विधानाचा फायदा घरात नेमका कोणाला होतो, सगळ्यांचे झाल्यावर उरलेले कोण खाते, हा प्रश्न सरासरीत मावत नाही.

आता दुसरी बाजू, व्यायामाची. महाराष्ट्रातली व्यायामाची परंपरा तालमीची: जोर, बैठका, मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले बाळंभट देवधर, १९१४ साली अमरावतीत निघालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, ही या परंपरेची ठळक नावे. तालमीतला व्यायाम हे काम नव्हते, त्यातून काही उत्पन्न होत नसे. मुद्दाम खर्च केलेले बळ हेच त्याचे वैशिष्ट्य होते, आणि त्यासाठी मोकळा वेळ व खुराक लागे. बाईच्या वाट्याला यातले काही आले नाही, तेव्हा तिला सांगितले गेले की दळण, कांडण, पाणी भरणे हाच तिचा व्यायाम. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रचार करताना स्त्रियांनाही त्यात ओढत होते, पण ते अपवादात गणले पाहिजेत. जात्यावर बसणाऱ्या बायकांचे स्वतःचे मत काय होते, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी १९८०च्या दशकापासून मुळशी आणि पुढे इतर भागांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत दळणे हे कष्ट म्हणून येते, त्या कष्टांतून सुचलेले गाणे म्हणून येते. आरोग्य कमवण्याची युक्ती म्हणून ते कोणी गायलेले नाही. गावात गिरणी आल्यावर जाते बाजूला सारले गेले आणि व्यायाम बुडाला म्हणून कोणी हळहळले नाही. हळहळ पुढच्या पिढीने केली, तीही मुख्यतः पुरुषांनी.

कामातला व्यायाम शास्त्राने गांभीर्याने घेतला तोही पगारी पुरुषांचा. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवले. कंडक्टरचे जिने व्यायाम ठरले. घरातले जिने मोजायला आणखी बराच काळ गेला.

घरकामाला श्रम मानण्यावर एक खणखणीत आक्षेप आहे. आता जाते नाही, पाटा-वरवंटा नाही, चूल नाही. मिक्सर, गॅस आणि कपडे धुण्याचे यंत्र आले, तेव्हा घरकाम बैठेच म्हणायला काय हरकत? अमेरिकेत स्त्रियांचे घरकाम १९६५ साली आठवड्याला सुमारे २६ तास होते, ते २०१० पर्यंत १३ वर आले, आणि त्याबरोबर ऊर्जेचा खर्चही घटला, असे एका अभ्यासात दिसले आहे. पण भारताच्या २०१९ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, म्हणजे आठवड्याला जवळजवळ ३५ तास. पुरुषांपैकी जे करत होते त्यांची ९७ मिनिटे. काम हलके झाले हे खरे. ते संपले हे खरे नाही.

मग किती धरायचे? शारीरिक हालचालींच्या २०११च्या कोशात केर काढण्याची तीव्रता विश्रांतीच्या ३.३ पट दिली आहे, मध्यम गतीने चालण्याची ३.५ पट, उभे राहून भांडी घासण्याची १.८ पट, स्वयंपाकाची २ पट. म्हणजे झाडू चालण्याच्या जवळपास, आणि ओटा खुर्चीपेक्षा थोडा वर. ५५ किलोच्या बाईने अर्धा तास केर काढला तर सुमारे ९० कॅलरी. पण नुसते बसूनही त्या अर्ध्या तासात सत्तावीस-अठ्ठावीस गेल्याच असत्या, त्या वजा केल्या पाहिजेत. उरल्या साठ-पासष्ट. आणि इथेच दुबार मोजणीचा धोका आहे. अन्न व कृषी संघटना, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठ यांच्या २००४ सालच्या अहवालात बैठ्या जीवनशैलीच्या नमुना-दिवसाचा गुणक, म्हणजे दिवसभराचा खर्च पूर्ण विश्रांतीतल्या खर्चाच्या किती पट ते, १.५३ येतो, आणि त्या दिवसात एक तास स्वयंपाक आणि एक तास घरकाम आधीच धरलेले आहे. तो आकडा घेऊन वर झाडू-पोछा पुन्हा मिळवला, तर एकाच केराचे पैसे दोनदा वसूल केल्यासारखे होते.

भारतीय परिषदेने २०१० साली हाच १.५३ चा गुणक घेतला होता आणि बैठ्या स्त्रीला १९०० कॅलरी दिल्या होत्या. २०२० साली गुणक १.४ वर आला आणि कॅलरी १६६० झाल्या. मध्यम कामाचा गुणक १.८ राहिला, कॅलरी २१३०. आता आठ तास झोप, पाच तास सरासरी अडीच पट तीव्रतेचे घरकाम आणि उरलेले अकरा तास बसणे-उठणे १.४ पटीने धरले, तर गृहिणीचा गुणक १.५ च्या आसपास येतो. त्याच तीव्रतेचे काम आठ तास करणारीचा १.६ च्या थोडा वर. ढोबळ हिशेबाने दोघींतले अंतर १६० कॅलरींच्या आसपास आहे, तक्त्यातल्या दोन ओळींत ते ४७० आहे. दोघींपैकी कोणीच आपल्या ओळीत नीट बसत नाही.

राहिला प्रश्न आरोग्याचा, आणि इथे घरकामाची बाजू घेणाऱ्यांनी हात आखडता घ्यावा. उत्तर आयर्लंडमधल्या साडेचार हजारांहून अधिक लोकांच्या २०१३ सालच्या अभ्यासात घरकामात जास्त वेळ सांगणारे लोक उलट जास्त वजनाचे आढळले. लोक स्वतःच्या घरकामाची तीव्रता फुगवून सांगतात, हे त्याचे एक संभाव्य कारण. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सलग दहा मिनिटांची जुनी अट काढून टाकली, तेव्हा धाप लागेल इतक्या जोराने पुसलेली फरशी आठवड्याच्या १५० मिनिटांत धरायला हरकत उरली नाही. पण त्याच शिफारशीत स्नायूंना बळ देणारा व्यायाम आठवड्यातून दोन दिवस सांगितला आहे, आणि ओट्याशी तीन तास उभे राहून तो होत नाही; होते ती कंबरदुखी. म्हणून आहारतज्ज्ञाने गृहिणीचा तक्ता करताना ‘बैठे’ या चौकटीवर खूण करण्याआधी तिला तासांचे विचारावे, पाणी नळाला येते का, धुण्याला कोणी येते का, हेही विचारावे. आणि घरातल्यांनी तिचे घरकाम व्यायामात जमा धरून तिचा संध्याकाळचा फेरफटका त्यातून वजा करू नये.